बुडावरची अक्षरं

पितळी डब्यातल्या एका लहान वाटीत तपकिरी रंगाचा वाळलेला पदार्थ आढळला आहे, तो काय आहे ते लेखी कळवावे. कुरियर कंपनीचा हा इंग्रजी निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी हैदराबादेत, मलकपेठेतल्या आमच्या बाल्कनीत पेपर वाचत बसलो होतो. कोणता डबा आणि कसली वाटी, मला काही उलगडेना. असे निरोप पाठवून म्हाताऱ्यांना लुबाडतात असं त्याच पेपरात रोज छापून येतं, म्हणून मी तो पुसायला बोट टेकवलं, एवढ्यात त्याच्या पाठोपाठ चार फोटो आले. पहिल्यात वरून कापलेला पुठ्ठ्याचा खोका. दुसऱ्यात लाल गोंड्याची राखी, पारदर्शक पिशवीत. तिसऱ्यात एक पितळेचं पानदान, झाकण उघडं, आतल्या वाट्या दिसतायत. चौथा फोटो पानदान पालथं घालून काढलेला होता आणि बुडावर उर्दू अक्षरं होती. ती मी चष्मा न लावता वाचली. खरं सांगायचं तर वाचली नाहीत, ती मला पाठ आहेत. मी पेपर घडी करून बाजूला ठेवला. आतून रंजनाने, म्हणजे माझ्या बायकोने, चहा आणखी हवा का विचारलं. मग ती बाहेर आली, मोबाइलमध्ये डोकावली आणि म्हणाली, "अगोबाई, पाठवलं का पद्माक्कानं अखेर?"

पद्मावती, आमची पद्माक्का, माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन पुण्याला गेली, नवरा गेल्यावर मेलबर्नला मुलाकडे, विक्रमकडे, राहायला गेली. एकोणीस वर्षं झाली, आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. आई वारली त्या वर्षापासून. ती बरी आहे, गुडघे बदलले, विक्रमला दुसरी मुलगी झाली, असं सगळं मला नातेवाइकांकडून कळायचं आणि मी "हां, हां" म्हणून विषय बदलायचो. एकोणीस वर्षांत तिने राखी पाठवली नव्हती. आता पाठवली होती आणि तिच्याबरोबर पानदान. निरोपाच्या तळाला, खोक्यात काय आहे म्हणून पाठवणाऱ्याने काय लिहिलंय, तेही दिलं होतं. राखी, एक. जुना पितळी डबा, एक, भावाच्या मालकीचा. किंमत, काही नाही. 'भावाच्या मालकीचा' हे शब्द मी दोनतीनदा वाचले. इतक्या वर्षांत मी जे चारचौघांत म्हणत आलो, तेच तिने तिकडच्या काउंटरवर उभं राहून फॉर्मात लिहून दिलं होतं, आणि मला बरं वाटायला पाहिजे होतं.

कुरियरचं ऑफिस आबिड्सला. दुसऱ्या दिवशी सकाळी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन गेलो. मी सरकारी नोकरीत हयात घालवलेला माणूस, मला नियमांची भीती वाटत नाही, उलट नियम असला की मन निवांत होतं. काय करायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं. काउंटरवर पन्नाशीच्या एक तेलुगू बाई होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझा नंबर घातला, पडद्यावर तेच फोटो आले.

"सर, किंमत झीरो नहीं चलता," त्या म्हणाल्या. "राखी का कुछ नहीं, राखी माफ है. राखी के साथ जो आया उसपे माफी नहीं. अब तुम गिफ्ट बोले तो पूरी ड्यूटी भरना पड़ता. नहीं तो तुम्हारी खुद की पुरानी चीज है, यहीं से गई थी, वापस आरई, ऐसा लिख के दिये तो हम कस्टम में डाल के देखते. उनो माने तो ड्यूटी नहीं."

"सबूत?"

"पुराना फोटो रहा तो लाओ. और ये नीचे लिखा है ना कुछ? किसका नाम है, पढ़ के लिख दो. अपने ही घर का नाम निकला तो अच्छा है. घर में उर्दू किसी को आती क्या?"

"मेरेकू आती," मी म्हणालो.

"बस, हो गया फिर," असं म्हणून त्यांनी एक कोरा कागद काउंटरवरून सरकवला. वाटीत काय आहे तेही लिहा, म्हणाल्या. दोन दिवसांत द्या, नाहीतर गोदामाचं भाडं सुरू होतं.

राखीला माफी आणि राखीबरोबरच्या भेटीला नाही. बाहेर येऊन फुटपाथवरच्या गर्दीत मी त्या नियमाचाच विचार करत होतो, कारण दुसरा विचार करायचा नव्हता. कुणा अधिकाऱ्याने विचार करून हे लिहिलं असेल. बहिणीचा दोरा येऊ द्या, पण दोऱ्याआडून काय काय येतंय ते उघडून बघा. असा नियम करणारा माणूस भावंडांना चांगलाच ओळखत असला पाहिजे.

मी उर्दू वाचायचो, आणि त्यावरच माझं पोट होतं. जमिनीच्या जुन्या कागदांच्या कार्यालयात एकतीस वर्षं मी तेच केलं. निजामाच्या अमलातले दस्त, कुणाची किती जमीन, कुणी कुणाला दिली, सगळं उर्दूत, मोडक्या शिकस्त हस्ताक्षरात, वाळवीने चाळण केलेलं. ते वाचायचं, इंग्रजीत उतरवायचं आणि खाली लिहायचं, 'जसं आहे तसं वाचलं', आणि सही. नवीन पोरांना उर्दू येत नव्हतं आणि जुने लोक निवृत्त होत गेले, त्यामुळे शेवटी शेवटी मीच एकटा उरलो. माझ्या वाचण्यावर कोर्टात भावाभावांचे निकाल लागले. एकदा बिदरकडचा एक पाटील चांदीचं ताट घेऊन घरी आला होता, एका नावाच्या जागी दुसरं नाव वाचा म्हणून. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. शिवराजसाहेब मेले तरी खोटं वाचणार नाहीत, असं वकील लोक बोलायचे. ते माझ्या कानावर यायचं आणि मला आवडायचं. आणि ते खरंच होतं. ऑफिसात मी एक अक्षर खोटं वाचलं नाही. खोटं मी एकदाच वाचलं, ते घरी, आणि ते हेच पानदान.

पोस्टाजवळच्या इराणी हॉटेलात जाऊन बसलो. चहा सांगितला, कागद टेबलावर पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि वर तारीख घातली. तारखेच्या पुढे हात सरकेना. आमचे वडील, दत्तोबा, उदगीरकडचे शेतकरी, शिकायला म्हणून हैदराबादेत आले आणि महसूल खात्यात कारकून झाले. त्यांचं शिक्षण उर्दूत. मराठी ते बोलायचे, पण हिशेब, शिव्या आणि सही उर्दूत. संध्याकाळी मला मांडीशी घेऊन उर्दू अखबारातली अक्षरं शिकवायचे. अक्काला कधी शिकवली नाहीत. मुलगी, ती मराठी शाळेत जाते, तिला काय करायचंय, असा तेव्हाचा सरळ हिशेब. अक्का भाकरी थापता थापता आमच्याकडे बघायची. तिचं लग्न ठरलं एकाहत्तर साली. भांड्यांवर नावं घालायला आम्ही दोघं, बाबा आणि मी, गौलीगुड्यातल्या एका म्हाताऱ्या नक्काशवाल्याकडे गेलो. ताटं, तांबे, पातेली, सगळ्यांवर नावं घालून झाली होती मराठीत, दुसरीकडे. हे पानदान तेवढं बाबांनी वेगळं घेतलं होतं, आईलासुद्धा न सांगता. हैदराबादेत मुलीला पानदान दिल्याशिवाय पाठवायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात त्यांच्या ऑफिसातल्या मुसलमान दोस्तांकडून आलेलं. म्हाताऱ्याला उर्दूच येत होतं, आणि बाबांना तेच हवं होतं. छिन्नी टक्टक् चालली होती, पितळेचा चुरा त्याच्या लुंगीवर पडत होता. काम झाल्यावर बाबांनी पानदान पालथं करून माझ्या पुढे धरलं आणि म्हणाले, "वाच." मी अकरा वर्षांचा. बोट फिरवत उजवीकडून डावीकडे वाचलं. बराए पद्मावती, अज दत्तोबा. पद्मावतीसाठी, दत्तोबाकडून. खाली साल. बाबांनी माझ्या टाळूवर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो, तंबाखूचा वास आणि नखाजवळ शाई.

पुण्याची मंडळी याद्या करायला आली तेव्हा बोलता बोलता अक्काची होणारी सासू म्हणाली, "आमच्यात बायका पान खात नाहीत हो." एवढंच, हसून. बाबांचा चेहरा पडला. पानदान रुखवतात मांडलंच नाही. आत नेऊन आईच्या हातात दिलं आणि तिला हळू आवाजात म्हणाले, ही पद्माची अमानत, वेळ आली की देऊ तिला. मग मला बाजूला घेऊन, "अक्काला सांगू नको, जाता जाता वाईट वाटेल तिला." मी सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं सांभाळलेलं गुपित. बाबा ऐंशी साली गेले. आई त्या पानदानातून पान खात राहिली, आणि वेळ काही आली नाही. शेवटची सहा वर्षं आईला आम्ही कोण तेही कळत नव्हतं. मला ती बाबांच्या नावाने हाक मारायची. पण पान लावताना हात चुकत नव्हता. चुना, काथ, सुपारी, लवंग, सगळं नेमक्या जागी. म्हणजे अक्षरं काय आहेत हे सांगू शकणारा जगात मी एकटा उरलो होतो, ऑफिसात आणि घरातही.

चहावर साय धरली. मी मोबाइल काढून तिसरा फोटो मोठा केला. काथाच्या वाटीत काळपट तपकिरी थर होता, वाळून तडकलेला, आणि त्यात एक बोटाएवढी खाच. आई बोटानेच काथ घ्यायची. चमचा दिला तर फेकायची. ती खाच आईच्या बोटाची होती, याबद्दल मला शंका नव्हती. पानदान आमच्या घरातून गेलं तेव्हा जसं होतं तसंच ते परत आलं होतं. इतक्या वर्षांत अक्काने ते धुतलं कसं नाही, असं माझ्या मनात आलं, आणि मी जरा वैतागलोही. नेलंस ना हट्टाने, मग नीट ठेवायचं. माझा स्वभाव असा आहे. पश्चात्तापाच्या मध्येसुद्धा मला दुसऱ्याची चूक दिसते.

तेराव्याच्या दिवशी जेवणं आटोपून सगळे बैठकीत बसले होते. अक्का मेलबर्नहून आली होती, आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी. तेराव्याच्या सकाळी तिने, कुणाकडून तरी ऐकून, चारचौघींत विचारलं होतं, "आईच्या पाठीला एवढ्या जखमा कशा झाल्या?" तिने रंजनाकडे बघितलंही नाही, पण रंजना स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली ती बाहेरच आली नाही. सहा वर्षं रंजनाने आईला उचललं, पुसलं, कुशीवर वळवलं, तिचे हात डेटॉलने सोलवटलेले. मला तेव्हा अक्काचा असा राग आला होता की दुपारी श्राद्धाचं जेवण गिळवेना. आणि त्याच बैठकीत अक्का म्हणाली, मला काही नको, आईचं पानदान तेवढं नेऊ का? एकनाथरावमामांनी ते कोनाड्यातून काढून माझ्याकडे दिलं. "शिवा, तुला येतंय न्हवं? खाली काय लिहिलंय बघ बरं. कुणाचं हाय?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी ते पालथं केलं. बोट फिरवलंसुद्धा, वाचल्यासारखं. आणि म्हणालो, "बाबांचं नाव आहे. दत्तोबा, गौलीगुडा. घरचं आहे." कुणी शंका घेतली नाही. शिवराजसाहेबांनी वाचलं होतं. अक्का फक्त "बरं" म्हणाली आणि उठून ते कोनाड्यात ठेवून आली.

ती गेली त्या संध्याकाळी कोनाडा रिकामा होता. तेव्हा मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. तिने चोरी केली म्हणजे माझं खोटं झाकलं गेलं. आता दोष तिचा, सगळ्यांदेखत. आठवड्याने तिला फोन केला आणि म्हणालो, चोरून नेलंस. ती म्हणाली, "आईचं होतं रे, म्हणून." मी म्हणालो, आईचं नव्हतं, घरचं होतं. तिने फोन ठेवला. पुढे ही गोष्ट नात्यात फिरली, मामांनी लग्नकार्यांत मीठमसाला लावून सांगितली. माझ्या मुलीच्या, तेजश्रीच्या, लग्नाची पत्रिका तिला गेली, ती आली नाही. मांडवात कोणीतरी म्हणालं, बरं झालं, नाहीतर भांडी मोजावी लागली असती. लोक हसले आणि मीही हसलो. स्वतःची वस्तू चोरून नेणाऱ्या बाईवर मी हसलो. हे एक वाक्य मनात आलं आणि मी तिथे, त्या हॉटेलात, पेनाला टोपण लावलं.

तारखेखाली कोराच राहिलेला कागद घेऊन घरी आलो. रंजनाने तोवर जुना फोटो शोधून ठेवला होता, आमच्या लग्नातला. आई खुर्चीवर, मांडीवर पानदान. "हे घ्या. लिहून टाका आपलं हाय म्हणून. आपलंच तर हाय."

"तुला हवं होतं का गं ते, तेव्हा?"

"मला? मी कुठं पान खाते? आई गेल्या, त्या पिकदाणीचा नि पानदानाचा एकदाचा पसारा जाईल म्हणून बघायले होते मी तर." ती फोटो पुसत होती. मग थांबली. "कामून विचारायलात?"

मी तिच्या नावाने ते खोटं बोललो होतो. तिच्यासाठी बोललो असं इतकी वर्षं स्वतःला सांगत होतो. तिला ते नकोच होतं. मी तिला सगळं सांगितलं, गौलीगुड्यापासून. ती खाली बसली. मग म्हणाली, "मला त्या दिवशी राग आला होता त्यांचा, खरं हाय. पण चोर म्हणलं नव्हतं मी." आणि फोटो घेऊन आत गेली. जेवायला वाढलं, पण माझ्या तोंडाकडे न बघता, ताटाकडे बघून वाढलं.

दुसऱ्या दिवशी बसायच्या खोलीत, ऑफिसात बसायचो तसा ताठ बसून मी लिहिलं. वाटीतला पदार्थ काथ असून तो पानाला लावतात. तो माझ्या आईचा आहे आणि एकोणीस वर्षांपूर्वीचा आहे. बुडावरची अक्षरं अशी आहेत: पद्मावतीसाठी, दत्तोबाकडून. दत्तोबा माझे वडील, पद्मावती माझी बहीण आणि पाठवणारी. सदर वस्तू माझ्या मालकीची नाही व कधीच नव्हती. ती भावाची आहे असा पाठवणारीचा समज आहे, तो समज माझ्या चुकीच्या वाचनामुळे झालेला आहे. वस्तू भेट म्हणून धरावी, जी जकात होईल ती मी भरेन. मग सगळं इंग्रजीत उतरवलं. खाली सवयीने लिहिलं, 'जसं आहे तसं वाचलं', आणि सही केली. निवृत्त झाल्यापासून ही सही मी केली नव्हती. वळण तेच आलं.

काउंटरवरच्या बाईंनी चष्मा लावून कागद वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सर, गिफ्ट है बोल के एक लाइन बस था. इत्ता कायकू लिखे?"

"जित्ता था उत्ता लिखा."

"खुद का लिखते तो ड्यूटी बच जाती शायद."

"पड़ने दो."

त्यांनी शिक्का मारला. कागदांच्या गठ्ठ्यात वर कुरियरची पावती होती आणि तिच्यावर पाठवणाऱ्याचा फोन नंबर. मी तो तळहातावर लिहून घेतला, शाळेत लिहायचो तसा. बाहेर पायऱ्यांवर, एका बंद दुकानाच्या सावलीत उभा राहिलो. इथे दुपारचा एक वाजला होता, म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच. घंटी बरीच वाजली. मग इंग्रजीत "हॅलो" आलं. आवाज आईचा होता.

"अक्का, मी शिवा."

"मिळालं का?" तिने लगेच विचारलं. जणू परवाच बोललो होतो.

"नाही अजून. कस्टममध्ये अडकलंय. राखी सुटते, पानदान सुटत नाही. त्यांनी विचारलं, खाली काय लिहिलंय."

"बाबांचं नाव की. तूच वाचलं होतंस."

रस्त्यावर बस थांबली होती, कंडक्टर ओरडत होता. मी कानावर हात धरला. "अक्का, खाली तुझं नाव आहे. बाबांनी तुझ्या लग्नात तुझ्यासाठी घातलं होतं. सासरी चालायचं नाही म्हणून ठेवून घेतलं. मला तेव्हाही माहीत होतं. मी खोटं वाचलं."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. एक लहान मुलगी इंग्रजीत काही विचारत होती. मला वाटलं फोन ठेवेल. ठेवला असता तरी मी काय म्हणणार होतो.

"काय लिहिलंय ते सांग. जसंच्या तसं."

"बराए पद्मावती, अज दत्तोबा. पद्मावतीसाठी, दत्तोबाकडून."

"हां," ती म्हणाली. मग पुण्याची भाषा सोडून आमच्या घरातलं बोलायला लागली, लहानपणी बोलायची तसं. "टावेलात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं शिवा मी. विक्रमच्या बायकोला पण दाखवलं न्हाई. एक सुपारी ठेवली न्हाई कधी त्यात. घासलं पण न्हाई. दुसऱ्याची वस्तू हाय, आपण कशी घासायची, असं वाटायचं बघ."

मला रडू आलं. पायरीवर बसलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे म्हटलं. ती माझं ऐकत होती, आणि मधे एकदा तिनेही नाक ओढलं. "चूप बस आता," ती म्हणाली. "म्हातारा झालास." मग थोड्या वेळाने, "सोडव ते आणि परत पाठव मला. चिंच लावून घासायचंय. राखी तेवढी तुझी हाय, ती ठेवून घे."